पाच फुल्या

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या रागाचा वाटा मोठा आहे, आणि ते दुसऱ्या कुणी दाखवून दिलेलं मला मुळीच चालणार नाही.

मी सावनी. मूळची साताऱ्याची, गेली चार वर्षं चेन्नईत. नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात, घर अड्यारला. इतक्या लांब का राहतेस, असं कंपनीच्या बसमध्ये सगळे विचारतात. मी समुद्र, हवा वगैरे सांगते. खरं कारण गॅरेज. वरच्या दोन खोल्या बघायला आले होते तेव्हा घरमालक पाण्याची वेळ समजावत होते आणि माझं लक्ष खालच्या अर्धवट उघड्या पत्र्याच्या दाराकडे होतं. आत ताडपत्रीखाली एक जीप उभी होती, चारही चाकांतली हवा गेलेली. मी भाडंसुद्धा नीट न ऐकता हो म्हणून बसले.

घरमालकांचं नाव वेंकोबा राव. वय त्र्याहत्तर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त. तंजावरी मराठी माणूस. पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि येताना जी मराठी बरोबर आणली ती यांनी अजून जपून ठेवली आहे, वर तमिळची फोडणी घालून. माझी मराठी त्यांना पाणी घातलेली वाटते. त्यांची बायको महालक्ष्मी, एग्मोरच्या रेल्वे ऑफिसात चौतीस वर्षं कारकून होत्या. गल्ली त्यांना मामी म्हणते म्हणून मीही मामी म्हणते, आणि त्यांच्या नवऱ्याला काका. नात्याच्या दृष्टीने हे बरोबर बसत नाही, पण दोघांनी कधी हरकत घेतली नाही.

जीप काकांनी तरुणपणी लिलावात घेतली होती. येलगिरीच्या डोंगरात, जिथे रस्ता म्हणावं असं काही नव्हतं तिथे, ते सुट्टीत मुलांना दगड दाखवायला न्यायचे. मग गुडघे गेले, मोतीबिंदू आला, आणि जीप अकरा वर्षं जागची हलली नाही. मी सात महिने माझे सगळे रविवार तिच्यात घातले. इंजिन उघडलं, ब्रेक नवे केले, गंजलेला तळाचा पत्रा कापून नवा बसवला. वेल्डिंग मी कारखान्यात बघून आणि मग हात भाजून घेऊन शिकले. माझं मशीन जेवणाच्या डब्याहून थोडंसंच मोठं आहे, पण सहा मिलिमीटरची प्लेट झकास जोडतं.

ठरलं होतं असं की जीप विजयादशमीला बाहेर काढायची. गुडघे आणि डोळे दोन्ही दुरुस्त करून घेतलेले काका चालवणार, मामी पुढे बसणार, आणि दोघं तिरुपोरूरच्या मुरुगनाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, देवळात जाऊन येणार. मामींनी लग्नानंतर पहिला प्रवास त्याच जीपमधून केला होता म्हणे. त्यासाठी मोरपंखी रंगाची रेशमी पट्टुसाडीही कपाटातून काढून हवेला टाकली होती.

आणि मग नवरात्राच्या तोंडावर मला चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तडा सापडला. बरोबर स्टीअरिंगचा डबा जिथे बसतो तिथे. जुन्या जीपांचं हे दुखणंच आहे. मी तो भाग कापला, जाड प्लेटचा नवा ब्रॅकेट बनवला, जागेवर धरला आणि नुसते टाके मारले. टाका म्हणजे वेल्डिंगचा हरभऱ्याएवढा ठिपका. तुकडा हलू नये म्हणून तो मारायचा, माप बरोबर आहे ना ते बघायचं आणि मग सगळी कड सलग जोडायची. टाक्यांवर गाडी उभी राहते, पण टाक्यांवर गाडी चालवायची नसते. खड्ड्यात एक दणका बसला की टाके तुटतात, डबा चासीवरून सुटतो, आणि हातातलं चाक फिरवत बसावं तरी रस्त्यावरची चाकं वळत नाहीत.

म्हणून माझा एक नियम होता. जिथे नुसता टाका आहे तिथे शेजारी खडूने फुली मारायची. काम पूर्ण झालं की फुली पुसायची. काकांनाही तो पाठ करून ठेवला होता. "फुली दिसली तर काम बाकी, फुली नसली तर काम झालं," मी म्हणायचे आणि ते शाळेतल्यासारखं दोनदा म्हणून दाखवायचे.

नवमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी पाचलाच घरी पोचले, हातमोजे चढवले आणि मशीनची तार काढली, तर काका गॅरेजच्या दारात उभे.

"अगे सावनी, आतां नको. आयुधं आज निजतात. उद्या देवीपुढं. परवां सकाळीं उठतात."

"काका, चारच ठिकाणं आहेत. वीस मिनिटांत होईल."

"वीस मिनिटांनी रीत मोडत नाहीं मणून कोण सांगिटलं?"

खंडेनवमी आमच्याकडेही असते. आजोबा कोयता, पाना, सगळं पाटावर मांडायचे. पण ते नवमीला. इथे आदल्या संध्याकाळपासूनच हत्यार बंद, हे मला नवीन होतं. मी वाद घातला. आवाज चढवून घातला. मी म्हणाले, तुमच्या रीतीपायी परवाची फेरी बुडेल, कारण दशमीला मला कारखान्यात पहिली पाळी आहे, मी काय रात्री उठून वेल्डिंग करू? काकांनी शांतपणे माझ्या हातातून वेल्डिंगचा होल्डर काढून घेतला आणि तमिळमध्ये बरं म्हणतात तसं म्हणाले, "सेरी. फेरी रविवारीं." मी हातमोजे फेकले आणि जिना दणदणत वर गेले. चिडलेच होते. जेवायलाही खाली गेले नाही, आणि मामींनी दारापाशी ठेवलेला दहीभात मांजराने खाल्ला.

नवमीला मी घरात थांबलेच नाही. मैत्रिणीकडे गेले ते संध्याकाळी परत आले आणि गॅरेजकडे बघितलंही नाही. दशमीला पहाटे साडेपाचला बस पकडली. हत्यारांची पूजा, जीपची पूजा, सगळं त्या दोघांनीच केलं.

कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पावणेदहाला चहाच्या सुट्टीत तो हातात आला. काकांनी कुणाकडून तरी काढून घेतलेला फोटो, आठ वाजून पाच मिनिटांनी पाठवलेला. जीपला दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले, बॉनेटवर झेंडूची माळ, चारही चाकांखाली लिंबं. स्टीअरिंगवर काका. शेजारी मामी, मोरपंखी साडीत. खाली लिहिलं होतं, "तुझी खोडी कळली. टॉर्च घेऊन पाहिलें. शाबास पोरी. आमी तिरुपोरूरला जाऊन येतों."

माझी कसली खोडी? मी दोनदा वाचलं. मग फोटो बोटांनी मोठा केला. वळलेल्या चाकामागून चासीचा पुढचा भाग दिसत होता. लख्ख पुसलेला, त्यावर गंधाचे ठिपके ओळीने. तिथे माझी फुली असायला हवी होती. ती नव्हती.

तेव्हा सगळं एकदम डोक्यात उतरलं. पूजेआधी मामींनी जीप धुतली होती, आणि त्या धुतात म्हणजे कोपराही सोडत नाहीत. खडू गेला. काकांनी टॉर्च मारून बघितलं, फुल्या नाहीत. मी भांडून गेले होते, रात्री उठून वेल्डिंग करू का असं तोंडाने म्हणाले होते. त्यांना वाटलं, पोरीने हट्टाने चोरून काम पुरं केलं. म्हणून खोडी. म्हणून शाबास.

मी फोन लावला. वाजत राहिला. मामींचा लावला, तोही वाजत राहिला. चहा तसाच टाकून मी गुरुराजकडे धावले. गुरुराज आमचा शिफ्टचा प्रमुख, कुणाला सुट्टी द्यायची तर त्याच्या पोटात दुखतं. पण माझं तोंड बघून त्याने काही विचारलं नाही. गेटपासवर सही केली आणि स्वतः टॅक्सी मागवून दिली. त्याच्याबद्दल मी आजवर जे काही बोलले ते सगळं मागे घेते.

श्रीपेरुंबुदूर ते अड्यार दीड तास. दर पाच मिनिटांनी मी फोन लावत होते. तिरुपोरूरच्या रस्त्यावर मोठमोठे ट्रक असतात, मेट्रोचं खोदकाम चालू असतं, खड्ड्यांना तोटा नाही. चार टाके. कोणत्या खड्ड्यात पहिला सुटेल ते मी मनातल्या मनात मोजत होते. मामींवर राग काढावा म्हटलं तर निघेना. त्यांनी गाडी पुसली, त्यात काय चूक? धुतलेल्या गाडीवर खडू राहत नाही हे लहान मूलही सांगेल.

खरी चूक कुणाची हे मला गिंडीपर्यंत पोचता पोचता नीट कळलं. कारखान्यात बोल्ट आवळून झाला की त्यावर पिवळी खूण करतात. खूण आहे म्हणजे काम झालं. खूण पुसली गेली, विसरली, पडली, तर फार तर काय होईल, झालेलं काम कुणीतरी परत तपासेल. चार वर्षं मी नव्या पोरांना हेच शिकवते. आणि घरी मी उलटं केलं. बाकी असलेल्या कामावर खूण, तीही खडूची. कारण फुली पुसताना बरं वाटायचं, एवढंच. एक ओला फडका फिरला की अर्धवट काम पूर्ण दिसायला लागणार, हे क्वालिटीतल्या बाईच्या लक्षात आलं नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती. डोळ्यांपुढून ती मोरपंखी साडी हलत नव्हती.

गल्लीच्या तोंडाशीच टॅक्सी सोडून मी पळाले. फाटक लावलेलं. गॅरेजचं दार उघडं.

जीप आत होती.

केळीचे खुंट, माळ, सगळं जसंच्या तसं. चाकांखालची लिंबंही अख्खी. जीप एक इंचही हलली नव्हती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने तमिळमध्ये काय झालं विचारलं, तर मी "काही नाही, सगळं ठीक आहे" असं तिला मराठीत सांगितलं. इतकं हलकं मला परीक्षेचे निकाल लागल्यावरही वाटलं नव्हतं.

घराला कुलूप. आतून फोन वाजल्याचा आवाज येत होता, कारण मी अजूनही लावतच होते. दोघं फोन घरी ठेवून कुठेतरी गेली होती. जीपविना गेली होती, तेवढं मला पुरे होतं. पण मग, टॉर्च मारून शाबास म्हणालेला माणूस थांबला कसा?

मी पाठीवर झोपून जीपखाली सरकले. आणि बघतच राहिले. ब्रॅकेटच्या चारही कोपऱ्यांवर, बरोबर माझ्या टाक्यांच्या शेजारी, फुल्या होत्या. खडूच्या नाहीत, कुंकवाच्या. लालभडक, ओल्या बोटाने रेखलेल्या. एक, दोन, तीन, चार. आणि तिथून हातभर मागे, आतल्या बाजूला, पाचवी.

पाचवी कसली? मी चारच टाके ठेवले होते. मामींचा हात चुकला असणार म्हणून मी बोटाने कुंकू थोडं बाजूला केलं. ब्रेकचं पेडल ज्या तुकड्यावर बसतं तो तुकडा. तळाचा पत्रा बदलताना मी तो नवा केला होता, तीन आठवड्यांपूर्वी. त्यालाही नुसते टाके होते. फुली मीच मारली होती आणि मीच साफ विसरले होते.

किती वेळ मी तशीच पडून होते कोण जाणे. फाटक वाजलं आणि दोन जोड्या चपला दिसल्या.

"अय्यो, पाय कुणाचे? सावनी? तुला पाळी होती ना गे?" मामींचा आवाज.

मी बाहेर आले. केसांत गंज, गालावर कुंकू. मामींच्या हातात प्रसादाची पिशवी आणि बसची तिकिटं. मी त्यांना मिठी मारली. पट्टुसाडीला माझ्या हाताचं काळं लागलं, तरी त्या ओरडल्या नाहीत.

"तुम्ही गेला नाहीत," मी म्हणाले.

"गेलों की. बसनं. घाईंत फोन घरींच राहिले," काका म्हणाले. "गाडी निघणारच होती. मीं किल्ली फिरवणार, तर ही उतरली. मणाली, थांबा, पोरीच्या खडूच्या खुणा परत घालायच्या आहेत."

"मीं धुताना पुसिल्या मणून," मामी म्हणाल्या. त्या जरा ओशाळल्या होत्या. "तुमच्याकडं खंडेनवमीला गाडीला अशा फुल्या काढायची रीत असेल, असं मला वाटलं. आमी गंध लावतों, तुमी खडू. दुसऱ्याच्या घरची रीत आपण पुसून टाकायची काय? धुवायला तर पाहिजेच. मणून आधीं लिहून ठेविलं. चौतीस वर्षं एग्मोरला हेंच केलं ना मीं. नक्कल घेतल्याविना एक कागद हलविला नाहीं."

त्यांनी पिशवीतून छोटी वही काढली. एरवी त्यात दुधाचे खाडे आणि कोलमचे, म्हणजे इथल्या रांगोळीचे, नमुने असतात. एका पानावर पेन्सिलीने जीपचा सांगाडा काढला होता, कोलमसारखा ठिपक्यांवर बसवलेला, आणि त्यात पाच फुल्या. खाली तमिळ आकड्यांत नव्हे, ठसठशीत मराठीत एक ते पाच. शेजारी शेरा होता: "पूजेनंतर पुनः घालणें."

"हिनं खडू मणताच मीं किल्ली काढून खिशांत घातली," काका म्हणाले. "फुली मणजे काम बाकी. मीं पाठ केलं होतं तें. आणि खरं सांगूं? मला आधींच कळायला पाहिजे होतं. सकाळीं तुझ्या मशीनवरचं फूल मींच काढिलं. जसं वाहिलं होतं तसंच होतं. तूं हात लावला असतास तर तें राहिलं असतं काय? तूं माझं ऐकिलं नाहींस असं मीं धरून चाललों. तूं ऐकिलं होतंस."

मी ऐकलं होतं ते आदराने नाही, फुरंगटून. पण ते आता कोण सांगत बसणार. त्यापेक्षा जे सांगायला हवं होतं ते सांगितलं.

"काका, त्या संध्याकाळी मी चारच म्हणाले होते ना? चार ठिकाणं, वीस मिनिटं."

"होय."

"पाच होती. पाचवं ब्रेकचं. मी विसरले होते. तुम्ही मला अडवलं नसतं तर मी रागारागात चार जोडली असती आणि आज तुम्हाला हसत हसत फाटकाबाहेर सोडलं असतं."

काकांनी मामींकडे बघितलं. मामींनी वहीतल्या पाचव्या फुलीवर बोट ठेवलं आणि नुसतं, "सेरी, सेरी," म्हणाल्या.

मग त्या आत गेल्या आणि सुंडल, म्हणजे नवरात्रातली हरभऱ्याची उसळ, घेऊन आल्या, कारण त्यांच्या मते कुठलीही गोष्ट उपाशीपोटी नीट होत नाही. खाऊन झाल्यावर काकांनी देवीपुढचा होल्डर आणून माझ्या हातात दिला. विजयादशमीला आपलं हत्यार हातात घेऊन थोडं तरी काम करायचं असतं, म्हणजे वर्षभर हात चालतो. मी बॅटरीची तार काढली, खालचं गवत आणि केळीची पानं दूर केली, डोळ्यांवर वेल्डिंगची काळी काच चढवली आणि पाचवीपासून सुरुवात केली. दुपारभर काम केलं. घाई केली नाही. एकेक कड सलग जोडली, थंड होऊ दिली, हातोडीने ठोकून बघितली. माझ्या बॅगेत कारखान्यातला पिवळ्या रंगाचा मार्कर होता, तो मी मामींना दिला.

"झालेल्या कामावर खूण," मी म्हणाले. "नाही झालं, तर काही नाही. आजपासून असं."

"हें बरोबर," मामी म्हणाल्या. "आमच्या ऑफिसांत असंच होतं. तुला आधीं कुणी सांगिटलं नाहीं?"

मी मार्करचं टोपण काढून दिलं. चार वर्षं हेच दुसऱ्यांना सांगायचा पगार घेते, हे त्यांना कळायची काही गरज नव्हती.

पाच वाजता लिंबं पुन्हा चाकांखाली सारखी केली. काका स्टीअरिंगवर, मामी पुढे, मी मागे. तिरुपोरूर नव्हे, नुसतं बेझंट नगरच्या समुद्रापर्यंत. काकांनी किल्लीला हात घातला तशी मामींनी त्यांचं मनगट धरलं, चष्मा लावला आणि वही उघडली.

"एक?" त्यांनी मागे वळून मला विचारलं.

"झालं."

"दोन?"

"झालं."

गल्लीतली माणसं फाटकाशी उभी राहून बघत होती. काका स्टीअरिंगवर बोटं वाजवत होते. मामींना कसलीही घाई नव्हती. तीन झालं, चार झालं.

"पांच?"

"झालं, मामी. ते सगळ्यात आधी केलं."

त्यांनी पाचव्या फुलीवर पिवळी खूण केली, वही मिटून पदराखाली ठेवली आणि नवऱ्याचं मनगट सोडलं.

"आतां जावा," त्या म्हणाल्या, आणि चारही लिंबं फुटली.